रिपोर्टवरच्या दोन ओळी

२०१८ च्या उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदा फिलाडेल्फियाला आमच्याकडे आले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले. प्रवासाचा विमा काढलेला होता, म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आला. अण्णांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरतं, पण आकडे ते बारकाईने वाचतात; सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली. क्रिएटिनिनचा आकडा एकच होता. त्याखाली मूत्रपिंडं किती काम करतात याचा अंदाज मात्र दोनदा छापला होता. एका ओळीपुढे 'आफ्रिकन-अमेरिकन असल्यास', दुसरीपुढे 'नसल्यास'. वरचा आकडा मोठा, खालचा लहान.

"यातली आपली कोणती गं?" अण्णांनी विचारलं.

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. असे हजारो रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले होते, तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. "खालची," एवढंच म्हणाले. अण्णा रंगाने चांगलेच काळे आहेत, त्यात काट्यावरच्या उन्हाने रापलेले. ज्यांनी मला लॅबमधलं सगळं काम शिकवलं त्या सिनिअर बाई इथल्या काळ्या समाजातल्या. त्यांचा रंग अण्णांपेक्षा उजळ आहे. वयाचा मान म्हणून त्यांना सगळे नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात. मी घरी त्यांच्याबद्दल बोलताना मावशी म्हणते, इथेही तसंच लिहिते. मावशींचं रक्त वरच्या ओळीत आणि अण्णांचं खालच्या. हे कोणी ठरवलं, असा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता आणि त्याचीच मला आज जास्त बोच आहे.

(मी 'काळे' हा शब्द वापरते आहे. मराठीत 'कृष्णवर्णीय' लिहायची पद्धत आहे, पण मावशी स्वतःला 'ब्लॅक' म्हणवतात, मान वर करून. त्यांच्या शब्दाला जवळचा आपला शब्द हाच.)

आधी त्या दोन ओळींचं गणित सांगते. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून क्रिएटिनिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडं थकली की ते रक्तात साठतं. रक्तातल्या आकड्यावरून मूत्रपिंडांची ताकद काढायची तर एक सूत्र लागतं. १९९९ मध्ये अमेरिकेत जे सूत्र आलं, त्याच्या पुढे रूढ झालेल्या रूपात वय होतं, बाई की पुरुष हे होतं, आणि तिसरी गोष्ट होती वंश. रुग्ण काळा असेल तर आलेलं उत्तर १.२१ ने गुणायचं. २००९ च्या सुधारित सूत्रात हा गुणक १.१६ झाला. कारण असं दिलं गेलं की अभ्यासात सामील झालेल्या काळ्या लोकांचं क्रिएटिनिन सरासरीने थोडं जास्त निघालं होतं, आणि त्याचं स्पष्टीकरण म्हणून त्यांचे स्नायू जास्त असतात असं मानलं गेलं. काळ्या माणसाचं शरीर दणकट, त्याला दुखतं कमी, सोसतं जास्त, ही समजूत गुलामांच्या मालकांच्या सोयीची होती. ती विसाव्या शतकाच्या शेवटी आमच्या मशीनच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचली.

आता समजा एखाद्याचं उत्तर १८ आलं. मूत्रपिंड रोपणाच्या प्रतीक्षायादीत दिवस मोजायला सुरुवात होते २० किंवा त्याखाली आल्यावर. १८ वाला गोरा माणूस आजपासून रांगेत. तेच १८ काळ्या माणसाचं असेल तर १.१६ ने गुणून ते २१ च्या घरात जातं, आणि तो रांगेबाहेर. मूत्रपिंडं तेवढीच खराब, रक्तातला आकडा तोच. आणि अमेरिकेच्या लोकसंख्येत काळे लोक सुमारे १३ टक्के असले तरी डायलिसिसवर असलेल्या माणसांत ते जवळजवळ एक तृतीयांश आहेत. ज्यांना रांगेची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच रांग उशिरा सुरू होत होती.

यात विज्ञान अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पश्चिम आफ्रिकेतून पूर्वज आलेल्या काही लोकांत एका जनुकाचे असे प्रकार सापडतात की ते आफ्रिकेतल्या एका माशीच्या चावण्याने होणाऱ्या 'झोपेच्या आजारा'पासून वाचवतात आणि मूत्रपिंडाचा धोका वाढवतात. पण ते जनुक तपासता येतं. ते मावशींकडे असेल, त्यांच्या सख्ख्या भावाकडे नसेलही. नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने चेहरा बघून 'ब्लॅक' या रकान्यात केलेली खूण म्हणजे ते जनुक नव्हे. आमच्या गणितात मात्र ती खूणच शिरत होती.

समाजशास्त्रात या प्रक्रियेला 'रेशियलायझेशन' म्हणतात. मराठीत 'वंशीकरण' असा शब्द करता येईल, पण मला सातबाऱ्याची भाषा जास्त जवळची वाटते. जमिनीला नाव लागतं. माती तीच, बांध तोच; तलाठी फेरफार करतो आणि जमीन अमक्याची होते. तसा इथे माणसाला वंश लागतो. रंग अंगावर असतो, पूर्वज कुठून तरी आलेले असतात, ते खोटं नाही. पण त्यातून 'हा अमक्या वंशाचा' हे कायद्याच्या, जनगणनेच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या कागदावर ठरतं, आणि एकदा नोंद लागली की पुढच्या पिढ्यांना ती वारशाने येते.

आपल्या लोकांची नोंद तर किती वेळा फिरली! १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत 'हिंदू' हा एक वंश होता. पंजाबातले शीख, मुसलमान सगळे त्यातच घातलेले. १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. १९८० ला 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. साठ वर्षांत त्याच कातडीवर तीन नोंदी.

त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट न्यायालयातली आहे. १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसांना नागरिक होता येत असे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ती मुभा मिळाली, आशियातल्यांना नाही. १९१० मध्ये मुंबईहून आलेले पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यायालयाने गोरं मानलं आणि त्यांचं नागरिकत्व टिकलं. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कातडी उजळ असून भागत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड त्याच न्यायालयापुढे होते. ते पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. त्यांचं म्हणणं असं की मानववंशशास्त्र पंजाबातल्या आर्यांना कॉकेशियन मानतं, मग मी पात्र आहे. न्यायालय म्हणालं की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही. एकदा शास्त्र पुढे केलं, एकदा शास्त्र मागे सारलं. निकाल दोन्हीकडे नकाराचा. त्यानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णो दास बगाई त्यात देशहीन झाले आणि १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. भारतीयांना नागरिकत्वाचं दार पुन्हा उघडलं ते १९४६ मध्ये.

इथे आपल्याकडचे लोक हा खटला अन्यायाची गोष्ट म्हणून सांगतात. अन्याय होताच. पण थिंड यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो सहसा कोणी सांगत नाही. त्यात म्हटलं होतं की उच्च जातीचा हिंदू आपल्या देशातल्या मूळच्या, खालच्या मानलेल्या लोकांशी सोयरीक करण्याकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस काळ्यांकडे पाहतो. म्हणजे आम्ही जात पाळतो, हाच आमच्या गोरेपणाचा पुरावा!

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातला कप आठवला. बार्शीजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरी, न्हाणीशेजारच्या कोनाड्यात एक कप पालथा ठेवलेला असे. कान तुटलेला, काठावर निळी रेघ. सालगडी आणि खुरपायला येणाऱ्या बायका त्यातून चहा प्यायच्या आणि आपल्या हाताने विसळून पुन्हा पालथा ठेवायच्या. मला कोणी कधी सांगितलं नाही की तो कप वेगळा आहे. मला ते माहीतच होतं, जसं ऊन-सावली माहीत असते तसं. आई मायेची, अण्णा कष्टाळू, घरात कोणाला वावगा शब्द नाही; आणि कोनाड्यात तो कप. १९९० च्या आसपासची गोष्ट आहे ही, आजोबांच्या काळातली नाही.

अण्णांनी "आपली कोणती ओळ" विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नव्हत्या. त्या यायला मला दोन वर्षं आणि हे शहर लागलं.

फिलाडेल्फियात ही मापं घेण्याचा इतिहास जुना आहे. सॅम्युअल मॉर्टन नावाचे डॉक्टर इथलेच. त्यांनी जगभरातून माणसांच्या शेकडो कवट्या जमवल्या, त्यांत आधी बिया आणि नंतर शिशाचे छर्रे भरून आतली जागा मोजली आणि वंशांची उतरंड लावली. वर गोरे, तळाला काळे. १८३९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि गुलामीच्या समर्थकांना छापील आधार मिळाला. त्या कवट्या पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात गेल्या. त्यांत याच शहरातल्या गरीब काळ्या माणसांच्याही होत्या. २०२१ मध्ये संग्रहालयाने माफी मागितली आणि २०२४ च्या सुरुवातीला अशा १९ जणांचे अवशेष काळ्या समाजाच्या जुन्या ईडन दफनभूमीत ठेवण्यात आले.

आणि याच शहरात, त्याच विद्यापीठाच्या कामासाठी, १८९६ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आले. वय २८, हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले काळे विद्वान, तीन महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्रातला 'सहायक' असं पद दिलं, शिकवायला वर्ग दिला नाही. काम काय, तर शहराच्या सातव्या वॉर्डातल्या काळ्या वस्तीचा अभ्यास. नवराबायको वस्तीतच, एका खाणावळीच्या वरच्या खोलीत राहिले. डू बॉइस हातात तक्ते घेऊन दारोदार फिरले. सुमारे २५०० घरं एकट्याने. घरात माणसं किती, कामं कोणती, भाडं किती, शिकलंय कोण, मेलं कोण आणि कशाने. वॉर्डातलं एकेक घर नकाशावर रंगवलं.

मी त्या भागातल्या लॉम्बर्ड स्ट्रीटवर बऱ्याचदा जाते. आता तिथली घरं महागडी आहेत, विटांच्या जुन्या भिंतींवर वेली आणि दारात फुलांच्या कुंड्या. सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मदर बेथेल चर्च आहे. १७९४ मध्ये काळ्या लोकांनी स्वतःचं म्हणून उभं केलेलं चर्च त्याच जागेवर, इमारत नंतरची. जवळच एका भिंतीवर डू बॉइस यांचं मोठं चित्र आहे. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मनात आलं ते एवढंच की हा माणूस दारावर थाप मारून आधी काय म्हणत असेल.

त्यांनी काय शोधलं ते समजायला तेव्हाचं बोलणं माहीत हवं. १८९६ मध्येच फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या आकडेतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं होतं की काळे लोक जास्त मरतात ते त्यांच्या वंशातल्याच दुबळेपणामुळे, आणि ते हळूहळू संपणार. आकडे होते, तक्ते होते. डू बॉइस यांनी आकड्यांनीच उत्तर दिलं. २४४१ कुटुंबांपैकी फक्त ३३४ कुटुंबांना न्हाणीघर आणि संडासाची सोय होती. भाडं गोऱ्यांपेक्षा जास्त, घरं कोंदट, हवा नाही, आणि शिकलेल्यालाही काम मिळायचं ते घरगड्याचं किंवा ओझी वाहण्याचं. त्यांनी एक उदाहरण नोंदवलंय. विद्यापीठाचा यंत्र-अभियांत्रिकीचा एक काळा पदवीधर. चांगल्या गुणांच्या जोरावर शहरात नोकरी लागली. काही तास काम केलं, मग तो काळा आहे हे कळल्यावर काढून टाकलं. तो मग विद्यापीठाच्या क्लबात वेटर झाला, जिथे त्याच्याच वर्गातले गोरे पदवीधर जेवायला येत.

चाळींत वाढलेल्या, सामायिक संडासासमोर रांगा लावलेल्या मराठी माणसाला ३३४ चा अर्थ समजावून सांगावा लागू नये. क्षयाने कोण मरतं आणि का मरतं हे गिरणगावाने पाहिलं आहे. हॉफमन आणि डू बॉइस दोघांसमोर मृत्यूंचा आकडा मोठाच होता. एकाने तो माणसाच्या रक्तात वाचला, दुसऱ्याने तो घरात, पगारात आणि पाण्याच्या नळात वाचला. आमच्या लॅबमधलं सूत्र शंभर वर्षांनंतर पुन्हा हॉफमनच्या बाजूला जाऊन बसलं होतं.

आता माझी दुसरी गोष्ट. आम्ही इथे आलो तेव्हा घर शोधायला ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने खूप मदत केली. दादांनी स्वतः गाडी काढून आम्हाला चार ठिकाणं दाखवली, वहिनींनी पंधरा दिवस डबा दिला. तेच म्हणाले, "फक्त वेस्ट फिलीत बावन्नाव्या रस्त्याकडे बघू नका. एरिया चांगला नाही." मी तो शब्द उचलला. पुढच्या सहा-सात वर्षांत नवीन आलेल्या निदान पाच जणांना मी तेच सांगितलं, त्याच काळजीच्या आवाजात. स्वतः एकदाही तिकडे न जाता.

२०२० च्या जानेवारीत मावशींनी मला रविवारी जेवायला बोलावलं. घर बावन्नाव्या रस्त्यापासून तीन चौक आत. ओळीने विटांची दुमजली घरं, प्रत्येकाला पुढे ओसरी. हो, ओसरीच, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारी. दोन-तीन घरं पडकी होती, एकाच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मावशींनी रताळ्याची 'पाय' (भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) केली होती, शिजवलेली हिरवी पालेभाजी होती, आणि मी शाकाहारी म्हणून त्या भाजीत नेहमी घालतात ते मांस घातलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ होता. तो आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जायचा. मी काय काम करते हे माहीत असून त्याने आजाराबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझ्या मुलीला बुद्धिबळ शिकवत बसला.

जेवण झाल्यावर मावशींनी घराची हकिकत सांगितली. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. परत आल्यावर युद्धातल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरकर्ज मिळेल असा १९४४ चा कायदा होता. गोऱ्या सोबत्यांनी त्या कर्जावर शहराबाहेर नवी घरं घेतली. मावशींच्या वडिलांकडे हमी होती, पण कर्ज द्यायचं बँकेने, आणि बँकेने दिलं नाही. हे घर त्यांनी पुष्कळ नंतर, महाग व्याजावर घेतलं.

बँका नाही का म्हणत, तेही कागदावर आहे. १९३० च्या दशकात सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनवले. फिलाडेल्फियाचा १९३७ चा आहे. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. प्रत्येक भागाच्या तक्त्यात काळ्या लोकांचा 'शिरकाव' झाला आहे का, किती टक्के, हे भरायचा रकाना होता. काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल. कर्जाला सरकारी हमी देणाऱ्या खात्याचे नियमही त्याच विचाराचे. डू बॉइस यांनी माणसं समजून घ्यायला घरं रंगवली होती; चाळीस वर्षांनी रंग आले ते माणसांना बाहेर ठेवायला. भेदभावाला कायद्याने बंदी झाली १९६८ मध्ये. तोवर ज्यांची घरं हिरव्या भागात होती त्यांच्या मुलांची कॉलेजं त्या घरांच्या वाढत्या किमतीवर झाली होती. लाल भागात घरांची दुरुस्तीसुद्धा अडली. फळ्या ठोकलेल्या खिडक्या मी पाहिल्या त्या तशा झाल्या.

१९८५ च्या मे महिन्यात याच वेस्ट फिलीत पोलिसांनी 'मूव्ह' या काळ्या गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला आणि लागलेली आग वेळेत विझवली नाही. ११ माणसं मेली, त्यांत ५ मुलं. ६१ घरं जळाली. मावशी तेव्हा तरुण होत्या. धूर त्यांच्या गच्चीवरून दिसत होता. २०२१ मध्ये उघड झालं की त्या आगीत मेलेल्या एका मुलीची मानली गेलेली हाडं संग्रहालयात ठेवलेली होती, ज्या संग्रहालयात मॉर्टनच्या कवट्या होत्या त्याच.

परत येताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, "एरिया चांगला नाही, असं आपण पाच जणांना सांगितलं." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गावाकडे आपण कुणाच्या वस्तीला असंच म्हणायचो." गावकुसाबाहेरची वस्ती कोणत्या दिशेला असते, तिथलं पाणी का वेगळं, तिथे रस्ता का शेवटी येतो, हे आम्हा दोघांना उत्तम माहीत होतं. इथे आल्यावर आम्हाला नवा नकाशा शिकावा लागला नाही. नकाशा वाचायची सवय आम्ही घेऊनच आलो होतो.

हा धागा मी नव्याने जोडलेला नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये, हार्लेम या काळ्या वस्तीच्या शेजारच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं: अस्पृश्यांची भारतातली आणि निग्रोंची अमेरिकेतली स्थिती यांत फार साम्य आहे, आणि तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला त्याच्या प्रती मिळतील का? ३१ जुलैला डू बॉइस यांचं उत्तर गेलं, की तुमचं नाव मी जाणतो आणि अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. सातव्या वॉर्डात दारोदार फिरलेला माणूस तेव्हा ७८ वर्षांचा होता. ही पत्रं मी वाचली तेव्हा एका गोष्टीने मला हलवलं. एकाने अर्जाचे कागद मागितले, दुसऱ्याने ते पाठवले. नुसती हळहळ कोणीच पाठवली नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळींना आनंदीबाई जोशींचा फार अभिमान आहे, आणि मलाही आहे. ११ मार्च १८८६ ला त्या याच शहरातल्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला आल्या होत्या. पण त्याच महाविद्यालयातून १८६७ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या १९ वर्षं आधी, रिबेका कोल नावाची काळी मुलगी डॉक्टर झाली होती, अमेरिकेतली दुसरी काळी स्त्री डॉक्टर. तिने जन्मभर गरीब वस्त्यांत काम केलं. मागच्या वर्षी महिला दिनाला मी मंडळात आनंदीबाईंवर बोलले तेव्हा रिबेका कोलवरही बोलले. कार्यक्रम झाल्यावर चहा घेताना एक काका म्हणाले, "छान बोललात, पण त्या लोकांचं इथे कशाला?" आणि त्याच श्वासात शेजारी उभ्या असलेल्या, नव्याने आलेल्या तरुण मुलीला विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कोणतं?" ती मुलगी आडनाव सांगण्याआधी जेवढा वेळ थांबली, तेवढ्यात मला सगळं कळलं. २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. आपली बरीच मंडळी रागावली होती, की इथे जात आहेच कुठे.

काकांना मी उत्तर दिलं नाही, त्या मुलीला घेऊन बाहेर आले. आज वाटतं, तिथेच, सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं.

आता लॅबबद्दल. वंशाचा गुणक काढा, अशी मागणी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी काही वर्षं लावून धरली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये मूत्रपिंडतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थांनी मिळून वंश नसलेलं सूत्र वापरायला सांगितलं. आमच्याकडे ते पुढे एका रविवारी रात्री सॉफ्टवेअर बदलून झालं. सोमवारी पहाटे पाचच्या शिफ्टला मी पहिला रिपोर्ट उघडला तर ओळ एकच. मावशी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. काही म्हणाल्या नाहीत, खांद्यावर हात ठेवून गेल्या.

पण जी वर्षं गेली होती त्यांचं काय? जानेवारी २०२३ पासून देशातल्या सगळ्या रोपण केंद्रांना सक्ती झाली, की यादीतल्या काळ्या रुग्णांचे जुने रिपोर्ट तपासा, आणि वंशाच्या गुणकामुळे कोणाचं नाव उशिरा लागलं असेल तर त्याची तारीख मागे न्या. पुढच्या साधारण सव्वा वर्षात १४,००० हून जास्त लोकांचे दिवस असे वाढवून मिळाले. मावशींच्या भावालाही पत्र आलं. जुने रिपोर्ट असतील तर पाठवा, असं त्यात लिहिलं होतं.

त्यांनी रेकॉर्ड विभागातून सगळ्या प्रती मागवल्या. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी ती पिवळी फाईल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "तुझे डोळे चांगले आहेत, तारखा लावून दे." आम्ही दोघी कागद लावत बसलो. २०१६, २०१७. २०१७ च्या ऑक्टोबरमधला एक रिपोर्ट होता: 'असल्यास' पुढे २१, 'नसल्यास' पुढे १८. आमच्याकडे बहुतेक निकाल मशीन आपोआप सोडतं, पण आधीच्या वेळेपेक्षा आकडा फार हलला की माणसाने पाहून मंजूर करावा लागतो. हा तसा होता. तळाशी, 'तपासलं' या शब्दापुढे, माझी आद्याक्षरं होती.

मावशींनीही ती पाहिली. मी "सॉरी" म्हणाले. त्या म्हणाल्या, "त्या वर्षी मीही हेच सोडत होते, बाळ. दुसऱ्या कोणाच्या तरी भावाचे." मग त्यांनी तो कागद सर्वांत वर ठेवला, १८ च्या भोवती पेनने गोल केला आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.